लकडगंजातला सीपी

२८ मे २०२३ रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा वर्तमानपत्रांनी एक यादी छापली. वालुकाश्म राजस्थानातल्या सरमथुऱ्याचा, गालिचे मिर्झापूरचे, बांबूची फरशी त्रिपुराची आणि सागवान नागपूरचे. नागपूरकरांची छाती फुगली, आणि ते साहजिकच होते. पण यादीतल्या शेवटच्या नोंदीत एक गंमत होती. सरमथुऱ्यात दगडाच्या खाणी आहेत, मिर्झापुरात गालिच्यांचे माग आहेत. नागपुरात मात्र तोडण्याजोगे सागाचे जंगल नाही. शहराच्या वेशीवर संत्र्यांच्या बागा लागतात आणि त्यापुढे कापूस.

तरीही ‘नागपूरचे सागवान’ हे शब्द खोटे नाहीत. लाकडाच्या धंद्यात माल ज्या गावात वाढला त्यापेक्षा ज्या बाजारात उभा राहिला त्याचे नाव लावतो. नागपुरात तो बाजार शहराच्या पूर्वेला आहे. इतवारीकडून सेंट्रल अव्हेन्यूने पुढे गेले की उजव्या-डाव्या हाताला लाकडाच्या वखारी दिसू लागतात. भिंतीला उभ्या टेकवलेल्या फळ्या, फुटपाथवर रचलेल्या चौकटी, प्लायवूडच्या गठ्ठ्यांवर बसून चहा पिणारे हमाल, आणि दुपारच्या शांततेतही कुठून तरी येणारा आऱ्याचा चिरका आवाज. हे लकडगंज.

नाव ऐकताच परगावच्या मराठी माणसाला वाटते, हे हिंदी झाले. पुण्यात असते तर ‘लाकूडपेठ’ म्हटले असते. पण नागपूर हे पेठांइतकेच गंजांचे शहर आहे. लकडगंजाला लागूनच बगडगंज. फारसीत गंज म्हणजे साठा, खजिना आणि म्हणून बाजार. विदर्भातल्या स्वयंपाकघरात मात्र गंज म्हणजे वरण-भात शिजवायचे भांडे, आणि उरलेल्या महाराष्ट्रात लोखंडाला चढतो तो गंज. हा तिसरा अर्थ सागवानाच्या दुकानात नेमका लागू पडत नाही, कारण सागात ठोकलेला खिळा सहसा गंजत नाही. ते का, हे पुढे येईल.

लकडगंजात सागवान विचारायला गेले की दुकानदार पहिला प्रश्न करतो : सीपी दाखवू, की बाहेरचे? हा ‘सीपी’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, मध्य प्रांत. इंग्रजांनी १८६१ साली नागपूर राजधानी करून हा प्रांत बनवला. १९०३ मध्ये वऱ्हाडचा कारभार त्याला जोडला. १९५० साली त्याचे नाव मध्य प्रदेश झाले, १९५६ साली विदर्भाचे आठ जिल्हे त्यातून निघून मुंबई राज्यात आले आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे सीपी नकाशावरून पुसला गेला त्याला सात दशके उलटली. सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या क्लबाच्या पाटीवर ती दोन अक्षरे शिल्लक आहेत, आणि लाकूडबाजारात. क्लब तरी निदान नागपुरातच आहे. पण ‘सीपी टीक’ हे शब्द मुंबई, हैदराबाद आणि दिल्लीतले लाकूडवालेही बिनदिक्कत वापरतात, आणि त्यातल्या फार थोड्यांना ही अक्षरे एका मेलेल्या प्रांताची आहेत हे ठाऊक असेल. चंद्रपूर, गडचिरोली, बालाघाट, बैतूल, होशंगाबाद या साऱ्या पट्ट्यातला साग त्या एका नावाखाली विकला जातो.

राज्ये गेली तरी लाकडाचा प्रांत टिकला, याचे कारण सरकारी कागदांत नाही. ते रेल्वेच्या रुळांत आहे.

इंग्रजांच्या आधीही नागपुरात सागवान होतेच. शहराच्या महाल या जुन्या भागातला भोसल्यांचा राजवाडा काळ्या पाषाणाचा आणि कोरीव लाकूडकामाने नटलेला होता. १८६४ साली त्याला आग लागली आणि नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. महालातल्या चिटणवीस वाड्यासारख्या जुन्या घरांत अजूनही सागाचे खांब आणि तुळया उभ्या आहेत. त्यावरून त्या राजवाड्याचा अंदाज बांधता येतो. हे लाकूड बैलांनी ओढून आणलेले. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, जंगलातून तुळई नागपूरला आणायची तर उन्हाळा गाठावा लागे, नद्या कोरड्या असाव्या लागत आणि बैलजोड्या पुष्कळ. त्यामुळे लाकूड राजे-सरदारांच्या घरी जाई. बाजार म्हणावा असा त्याचा व्याप होणे कठीण होते.

कोकण किनाऱ्यावर गोष्ट निराळी होती, तिथे समुद्र होता. शिवकाळाच्या राजनीतीवर रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडण्याचे नियम आहेत. सागासारखी मोठी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, लागेल ते परमुलखातून विकत आणावे, पण आंबा-फणसाला हात लावू नये, कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. पुढे मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातल्या कारागिरांनी मलबारी सागाची जहाजे इंग्रजी आरमारासाठी बांधली. त्यातले ‘ट्रिंकोमाली’ १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरले. त्यानंतर दीड महिन्याने नागपुरात सीताबर्डीची लढाई झाली आणि भोसल्यांचे राज्य खिळखिळे झाले. ते जहाज आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगते आहे. दोनशे वर्षांनंतर!

मध्य प्रांताचा साग मात्र डोंगरात अडकून होता. त्याला बाहेर काढले रेल्वेने, आणि पहिल्यांदा काढले ते तिच्या स्वतःच्या पोटासाठी.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १८६७ साली नागपुरात पोहोचली. रुळाखाली स्लीपर लागतात, मैलाला दोन हजारांच्या आसपास. त्या काळी हिंदुस्थानातल्या काही मार्गांसाठी थेट बाल्टिकच्या किनाऱ्यावरून डांबरात मुरवलेले पाईनचे स्लीपर जहाजाने येत, आणि जवळच्या डोंगरात साग, साल, बिजा उभा असे. ठेकेदारांनी त्यावर कुऱ्हाड चालवली नसती तरच नवल. कोणी किती तोडले याचा धड हिशेब नव्हता; तोडलेले पुष्कळसे ओढून आणता न आल्याने जागच्या जागी सडले. कॅप्टन फोरसाइथ या वन अधिकाऱ्याचे मध्य भारताच्या डोंगरांवरचे पुस्तक १८७१ मध्ये आले, त्यात या नासाडीची हळहळ आहे. सरकारला जाग आली ती अर्थात स्लीपर संपतील या भीतीने. १८६४ मध्ये वनखाते निघाले, १८६५ मध्ये पहिला वन कायदा झाला आणि त्याच वर्षी सातपुड्यातले बोरीचे जंगल राखीव झाले. देशातले पहिले राखीव जंगल म्हणून त्याची ओळख दिली जाते. १८७८ च्या कायद्याने राखीव जंगलांची कुंपणे आणखी घट्ट केली. गावकऱ्याला काल जे लाकूड नांगरासाठी फुकट मिळत होते, त्यावर आता हातोड्याचा शिक्का आला. जंगल वाचवायला घेतलेला तो कायदा जंगलात राहणाऱ्यांच्या वाट्याला असा आला, हे विसरून या धंद्याचा इतिहास लिहिता येत नाही.

पुढची रेल्वे पूर्वेकडून आली. नागपूर-छत्तीसगड ही मीटर गेज लाइन १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला राजनांदगावपर्यंत गेली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने ती घेतली, रुंद केली आणि कलकत्त्याच्या दिशेने नेली. १९०८ मध्ये इतवारीहून उमरेड, भिवापूरमार्गे नागभीडला जाणारी छोटी गाडी सुरू झाली. अडीच फुटांच्या रुळावरून डुलत जाणारी ही गाडी २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली, तोवर तीन-चार पिढ्यांनी तिची थट्टा केली होती. पण नागभीडच्या पुढे याच मार्गाचा फाटा चांद्याला जातो, आणि चांद्याच्या पलीकडे सागाचे अस्सल रान. म्हणजे छत्तीसगडचा साल आणि चांद्याचा साग दोन्ही शहराच्या पूर्वेला येऊन उतरणार. नकाशावर बोट ठेवून पाहिले की लकडगंज तिथेच का, हे कोणाला विचारावे लागत नाही. बाजार रुळाशेजारी बसला. जड माल दुसऱ्यांदा उचलायला कोणालाच नको असते. १९२९ मध्ये बल्लारशाहून काझीपेठेकडचा मार्ग पुरा झाला आणि मद्रास-दिल्ली वाहतूक चांद्याच्या जंगलाला खेटून जाऊ लागली. मग सीपीचे लाकूड दक्षिणेलाही पोहोचले.

या बाजारात माणसेही रेल्वेनेच आणली. लकडगंजातून फिरताना पाटीदार भवन दिसते, कच्छी वीसा ओसवाल समाजाचे भवन दिसते. कच्छमधल्या पाटीदारांनी देशभर आरागिरण्यांचा धंदा पसरवला. कर्नाटकापासून बंगालपर्यंत कोणत्याही गावी आरामशीनवर जा, मालकाची बोली कच्छी-गुजराती असण्याची शक्यता मोठी. ज्या मुलखात झाडे जेमतेम, त्या मुलखाच्या माणसांनी लाकूडधंद्यावर पकड बसवावी हे चमत्कारिक वाटते, पण दुष्काळी भागातला माणूस बाहेर पडतो आणि पहिल्या भावाने जे धरले तेच दुसरा धरतो. गल्ल्यावर कच्छी, हमालीत छत्तीसगडी, रंधा हातात धरलेला सुतार कधी वैदर्भीय तर कधी राजस्थानी, आणि गिऱ्हाईक मराठी. भाव ठरतो तो या सगळ्यांच्या मिळून झालेल्या नागपुरी हिंदीत. लकडगंजाचे नाव हिंदी का, याचे उत्तर बहुधा तिथेच आहे.

या दुकानात उभे राहून लाकूड घ्यायचे म्हणजे आधी एक गैरसमज दूर ठेवावा लागतो. जड लाकूड ते चांगले लाकूड, असे गिऱ्हाइकाला वाटते. तो फळी उचलतो, तोलतो, मान डोलावतो. पण मध्य भारताच्या जंगलात साग हे काही सगळ्यांत जड लाकूड नव्हे. सुकलेला साग घनमीटरला सुमारे ६५० किलो भरतो. त्याच्या शेजारी उभे असलेले बिजा आणि ऐन ८०० च्या आगेमागे, धावडा त्याहून वर. अंजन तर हजाराची रेघ ओलांडते, म्हणजे सुकल्यावरही पाण्यात टाकले की दगडासारखे बुडते. हिंदुस्थानातल्या सर्वांत जड आणि कठीण लाकडांत त्याची गणना होते. खानदेश-वऱ्हाडाच्या उघड्या, खडकाळ माळावर वाढणाऱ्या या झाडाच्या खांबाला खिळा ठोकायचा तर आधी भोक पाडावे लागते, नाहीतर खिळाच वाकतो.

मग राजा साग का? कारण जड लाकडांना स्वभाव असतो. ऐन वाळताना तडकतो. साल पीळ मारतो. अंजन हत्याराला दाद देत नाही. सुतार अर्ध्या दिवसात रंधा खाली ठेवतो. साग मात्र वाळताना फार आकसत नाही आणि एकदा वाळला की पावसाळ्यात फुगून दार अडवत नाही. आपल्याकडे जून ते मार्च हवेतल्या ओलाव्याचे जे हेलकावे असतात, त्यात चौकटीने चौकट राहणे हीच मोठी गोष्ट. त्याच्या गाभ्यात तेल असते; ताज्या रंधलेल्या फळीवर हात फिरवला तर किंचित मेणचट लागतो आणि नव्या चामड्यासारखा वास येतो. याच गाभ्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे वाळवी आणि बुरशी लांब राहतात. युरोपात जहाजे ओकची असत. ओकमधले आम्ल लोखंडी खिळे खाऊन टाकी. सागातल्या तेलाने खिळा उलट जपला जातो. इंग्रजी आरमार सागाच्या मागे लागले ते देखणेपणासाठी नव्हे.

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९०६ मधली, भारतीय लाकडांच्या ताकदीचे तक्ते केले, तेव्हा मोजपट्टी म्हणून सागच घेतला. साग म्हणजे १०० आणि बाकीच्यांना त्या मानाने गुण. वजनात, कठीणपणात कित्येक लाकडे शंभराच्या वर जातात; आकार टिकवण्यात फार थोडी. वर्गात एखादा विषय सोडून सगळ्यांत बऱ्यापैकी गुण मिळवणारा मुलगा शेवटी पहिला यावा, तसे हे.

सागाचा एक दोष आऱ्यावर बसणाऱ्या मिस्त्रीलाच कळतो. या झाडाच्या पोटात सिलिकाचे, म्हणजे वाळूच्या जातीचे, सूक्ष्म कण असतात. त्यांनी पात्याची धार मरते. साग कापायला सोपा दिसतो पण पाते वरचेवर उतरवून घासावे लागते, आणि म्हणून लकडगंजात आऱ्याच्या दुकानाइतकेच महत्त्व पात्याला धार लावून देणाऱ्याला आहे.

आणखी एक गोष्ट नवख्याला समजत नाही : मोजमाप. वनखात्याचा डेपो घनमीटरमध्ये लिलाव करतो, लकडगंज बोलते घनफुटात. एक घनमीटर म्हणजे पस्तीस घनफुटांहून किंचित जास्त. गोल लाकडाची गोष्ट तर त्याहून मजेदार. ओंडक्याच्या मध्यावर टेप गुंडाळून गोलाई घ्यायची, तिचा चौथा हिस्सा काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. चार फूट गोलाई आणि दहा फूट लांबी असली तर या हिशेबाने दहा घनफूट. शाळेतल्या भूमितीने त्याच ओंडक्याचे उत्तर पावणेतेरा येते. हे पावणेतीन फूट गेले कुठे? होपस नावाच्या इंग्रजाने १७३६ साली छापलेल्या कोष्टकांपासून हा हिशेब चालत आला आहे आणि त्यात गोलाचा चौरस करताना निघणारी सालपटे, कडा आणि भुसा आधीच वजा धरलेला आहे. म्हणजे फसवणूक नव्हे, तर सवलत. पण एखाद्या आदिवासी शेतकऱ्याला, ज्याच्या बांधावरचा साग कोणी व्यापारी घ्यायला आला आहे, हे कोण समजावणार? १९९० च्या दशकात बस्तरमध्ये ‘मालिक मकबुजा’ प्रकरण उघडकीस आले. आदिवासींच्या मालकीची सागाची झाडे मातीमोलाने लाटली गेली होती आणि त्यात व्यापाऱ्यांबरोबर सरकारी माणसेही होती. महाराष्ट्राने अनुसूचित जमातींच्या खातेदारांच्या झाडांच्या विक्रीसाठी १९६९ मध्येच वेगळा कायदा केला होता, तो उगाच नव्हे.

डेपोतून निघालेल्या प्रत्येक ओंडक्याच्या कापावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते आणि ट्रकबरोबर वाहतूक परवाना. लकडगंजात त्याला नुसते ‘टीपी’ म्हणतात. टीपी नाही तर माल नाही.

लकडगंजाला सागाचे वेड असले तरी गावगाड्याचे लाकूड दुसरेच होते. बैलबंडीत साग शोभेला. चाकाचा तुंबा आणि पुठ्ठे बाभळीचे, जू तिवसाचे, कुऱ्हाडीचा दांडा आणि बंडीचा आख धावड्याचा. धावडा वाकतो, दणका खातो, तुटत नाही. तिवस वजनाच्या मानाने चिवट. हळदूचे पिवळसर, एकसारख्या रेषेचे लाकूड कातकामाला उत्तम. कंगवे, सूतगिरण्यांच्या बॉबिनी त्यातून निघत. बिजाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यावर निळसर झाक येते, आणि ते मधुमेहावर उतारा आहे या समजुतीवर पेला विकणाऱ्यांची पोटे भरतात. सालईसारखे हलके लाकूड खोक्यांच्या कामाचे. नागपुरी संत्री खोक्यांत बसूनच देशभर गेली. आणि आऱ्याखाली साचणारा भुसा? तोही विकला जाई. मधोमध बाटली उभी धरून, भोवती भुसा ठासून, बाटली अलगद काढली की तयार होणारी भुशाची शेगडी गॅस येईपर्यंत अनेक चाळींत पेटत असे. लाकडाच्या बाजारात खरोखर टाकाऊ असे फारसे काही निघत नाही.

नागपूरचे सगळ्यांत लाडके लाकूड मात्र वर्षातून एकदाच रस्त्यावर येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. मोठ्यांच्या बैलांचा सण झाला, आता पोरांचा. चाकांवर बसवलेले लाकडी नंदी दोरीने ओढत मुले घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. मुलांनाही बैलाचे महत्त्व कळावे म्हणून दुसऱ्या रघूजीराजांनी ही प्रथा सुरू केली, अशी नागपूरची परंपरा सांगते. भोसल्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी नंदी पाहायला आजही लोक जातात. श्रावण उतरणीला लागला की सुताराच्या दुकानात वीतभरापासून माणसाच्या उंचीपर्यंतचे बैल रांगेत उभे राहतात. स्वस्त बैल हलक्या लाकडाचा, रंग चोपडलेला. भारी बैल सागाचा, रंगाविना, नुसता पॉलिश. रंग न लावण्यात श्रीमंती असते, हे नागपुरी पोरांना फार लवकर कळते.

१२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात आदेश दिला आणि देशभरच्या लाकूडधंद्याची चाल बदलली. खटला तमिळनाडूतल्या निलगिरीतला, पण आदेश सगळ्यांना लागू : कार्य आयोजनेशिवाय जंगलतोड बंद, बिनपरवाना आरागिरण्या बंद. पुढे २००२ मध्ये नव्या आरागिरण्यांना केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय मज्जाव झाला. एका रात्रीत जुना परवाना हीच मालमत्ता झाली. ज्याच्या आजोबाने कधी काळी कागद नीट ठेवला होता तो तगला. ज्याने वाऱ्यावर सोडला त्याने प्लायवूडचे दुकान टाकले. जंगलाच्या दृष्टीने हा आदेश उशिराच आला, असे म्हणावे लागते. धंद्याच्या दृष्टीने तो भूकंप होता.

कमी पडणारा माल मग समुद्रावरून आला. गुजरातच्या कांडला बंदरात ओंडक्यांच्या राशी लागू लागल्या आणि गांधीधाम ही आयात लाकडाची राजधानी झाली. कच्छी माणसाचे वर्तुळ पूर्ण झाले म्हणायचे : आजोबा कच्छ सोडून सीपीच्या लाकडाशेजारी आले, नातू लाकूड कच्छमधून मागवू लागला. म्यानमारने एप्रिल २०१४ पासून गोल सागाची निर्यात थांबवली, तेव्हा घाना, इक्वेडोर आणि कोस्टारिकाचा लागवडीचा साग बाजारात शिरला. वीस-पंचवीस वर्षांत वाढवलेला, गाभा कमी, पांढरा भाग जास्त. चौकटीसाठी मलेशियन साल आणि मेरांटी. दुकानदार सांगतो : दिसायला सगळे टीकच. मग जरा आवाज खाली आणून पुस्ती जोडतो : पण सीपी तो सीपी.

सीपीची ही बढाई ज्याच्या जिवावर आहे ते रान अजून उभे आहे. गडचिरोलीत आलापल्लीजवळ ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ नावाचा जंगलाचा एक तुकडा जुन्या वृक्षांसाठी जपून ठेवला आहे आणि त्याला जैवविविधता वारसास्थळाचा दर्जा आहे. तिथल्या सागाच्या बुंध्याला दोघा-तिघांनी मिळून कवेत घ्यावे लागते. त्याच जिल्ह्यात कमलापूरला वनखात्याचे हत्ती आहेत. एके काळी ओंडके ओढायला ठेवलेले हे हत्ती आता पर्यटकांसमोर आंघोळ करतात. ट्रॅक्टर आणि ट्रकने त्यांची नोकरी कधीच काढून घेतली. २९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरातून, म्हणजेच बल्लारशातून, अयोध्येच्या राममंदिरासाठी सागाची पहिली खेप वाजतगाजत निघाली, रस्त्यात रांगोळ्या, लाकडाची पूजा. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळाच्या बल्लारशा डेपोतला हा माल. त्या खेपेला कोणी सीपी म्हटले नाही, बल्लारशाचा म्हटले. दोनच महिन्यांनी दिल्लीत संसदेच्या यादीत त्याच पट्ट्यातला माल नागपूरचा झाला.

लकडगंज स्वतः मात्र हळूहळू लाकडाविना होत चालले आहे. वखारी आणि आरे भंडारा मार्गावर कापसीच्या बाजूला सरकले. शहराच्या मध्यात भुशाने भरलेली छपरे आणि वर लोंबणाऱ्या विजेच्या तारा ही जोडी अग्निशमन दलाला कधीच आवडली नव्हती. जुन्या वखारींच्या जागी सनमायकाच्या शोरूम, मंगल कार्यालये, सदनिका. डिसेंबर २०२२ पासून सेंट्रल अव्हेन्यूच्या डोक्यावरून मेट्रो जाते आणि टेलिफोन एक्स्चेंज चौकात उतरणाऱ्या प्रवाशाला खाली लाकूड दिसते ते बहुतेक प्लायवूडच.

तरी एक माल येतोच येतो. महालात, इतवारीत जुना वाडा पडला की त्याच्या तुळया, खांब आणि दारांच्या फळ्या ठेल्यावर लादून इकडे आणल्या जातात. बाहेरून काळ्या, धुराने माखलेल्या, चुन्याचे डाग पडलेल्या. मिस्त्री आधी पृष्ठभागावर तळहात फिरवतो, मग चुंबक, मग पुन्हा तळहात, कारण आत विसरलेला हाताने घडवलेला एक खिळा नवे पाते फोडू शकतो. खिळे निघतात ते बहुधा साबूत. मग आरा चालतो, काळा पापुद्रा उतरतो आणि आतून सोनेरी तपकिरी गाभा बाहेर येतो. शंभर-दोनशे वर्षांनीही ताजा वास घेऊन. यातली काही झाडे भोसले गादीवर असताना तोडलेली असणार, सेंट्रल प्रॉव्हिन्सेस हा शब्द जन्मायच्या आधी. दुकानदार खडूने त्यावर फूट लिहितो, भाव टाकतो, आणि गिऱ्हाइकाला सांगतो : जुना सीपी आहे, असा माल आता मिळत नाही.